लॅमिंग्टन रोडहून देवरुखला

मुंबईला माणसे नाना कामांनी येतात. कुणी शालू घ्यायला येतो, कुणी मोठ्या डॉक्टरला प्रकृती दाखवायला येतो, कुणी नुसताच समुद्र पाहून परत जातो. २०२४ च्या आश्विनात मी पुण्याहून मुंबईला गेले ती बिस्किटाएवढी एक हिरवी पट्टी आणि काडेपेटीएवढे एक कार्ड विकत घ्यायला! डेक्कन क्वीनमध्ये शेजारच्या बाईंनी आपुलकीने विचारले, "लेकीकडे का?" मी "हो" म्हणून मोकळी झाले. खरे सांगितले असते तर कर्जत येईपर्यंत समजावत बसावे लागले असते.

काम होते अण्णांच्या काँप्युटरचे. अण्णा म्हणजे माझे वडील. भूमी अभिलेख खात्यात मोजणीच्या साखळ्या ओढत त्यांनी सारा रत्नागिरी जिल्हा पायांखाली घातला आणि १९९५ साली ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसे काशीला जातात. अण्णा लॅमिंग्टन रोडला गेले, आणि मलाही बरोबर घेऊन गेले. फंडातल्या पैशांतले पंचेचाळीस हजार रुपये त्यांनी आतल्या बंडीच्या खिशात शिवून आणले होते. दुकानात ते उसवून काढण्यासाठी मालकाकडे कात्री मागावी लागली, तेव्हा मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले होते! ४८६ जातीचे यंत्र, आठ एमबीची स्मृती आणि चारशे वीस एमबीची हार्ड डिस्क. "साहेब, ही डिस्क तुम्हाला जन्मभर पुरेल," असे मालक म्हणाला. तो खोटे बोलला असे म्हणवत नाही. अण्णा २००४ साली गेले तेव्हा ती निम्मीसुद्धा भरलेली नव्हती.

या खटाटोपाचे कारण सातबाऱ्यातला एक रकाना. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो आणि तो बहुधा कोराच असतो. सबंध नोकरीभर तो कोरा रकाना अण्णांच्या डोळ्यांत सलत राहिला. गट नंबर सरकार देते, पण गोरवबाव, भुताची आंबी, म्हातारीचा दगड, वरचा साकव ही नावे कुणी दिली? ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तेवढी उरली होती आणि म्हातारी माणसे तर चालली होती. म्हणून देवरुखच्या आसपासच्या गावांतून हिंडून प्रत्येक शेत, वहाळ, पाखाडी, कातळ यांचे नाव, जागा, आणि ते कोणी सांगितले त्याचे नाव असे टिपून ठेवायचे त्यांनी ठरवले. वहीत टिपले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण वहीला वाळवी लागते आणि काँप्युटरला लागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या काळी डॉसवर चालणाऱ्या काँप्युटरला मराठी येत नसे. पुण्याच्या सी-डॅकने त्यासाठी जिस्ट नावाचे एक कार्ड काढले होते. ते यंत्राच्या पोटात बसवले की इंग्रजीसाठी केलेल्या डीबेससारख्या प्रोग्राममध्येही देवनागरी उमटू लागे. ते कार्ड मीच पुण्याहून नेऊन दिले होते. म्हणजे अण्णांचे मराठी त्या एका पेटीत आणि त्या एका कार्डावर जगत होते. "एकदा सगळे छापून आणतेस का?" असे २००३ च्या मे महिन्यात त्यांनी मला विचारले होते. मी म्हटले, "दिवाळीच्या सुट्टीत बघू." शाळा, परीक्षा, मुलांचे क्लास... ती दिवाळी गेली, आणि पुढच्या दिवाळीला अण्णा नव्हते.

पुढे दरवर्षी दसऱ्याला माझा धाकटा भाऊ त्या यंत्राला हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून, एकदा चालू करून बंद करी. २०१२ पासून ते चालू होईनासे झाले, तरी माळ चुकली नाही! गेल्या गणपतीत मात्र तो म्हणाला, "ताई, पुढची खोली पाहुण्यांना भाड्याने द्यायची म्हणतोय. भंगारवाला याचे दोनशे देतो." त्याचे काही चुकले नव्हते. घराला कौले घालायची होती. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. त्याचा मुलगा चिन्मय इंजिनिअरिंगला आहे. सकाळी त्याने यंत्राचे झाकण काढले आणि म्हणाला, "आत्या, दिवाळीपर्यंत याला हात लावू द्यायचा नाही. मी म्हणेन तेवढे सामान तू आण."

त्याची अडचण त्याने मला जशी समजावली तशी सांगते. हार्ड डिस्क म्हणजे पोटात गरगर फिरणाऱ्या तबकड्या आणि त्यांच्यावरून केसाच्याही अंशाएवढ्या अंतरावर तरंगणारी डोकी. बारा वर्षे ती निपचित पडली म्हणजे कधी डोके तबकडीला चिकटून बसते. जागी झालीच, तर पुन्हा कधी झोपेल याचा भरवसा नाही. मी विचारले, "मग ती काढून तुझ्या लॅपटॉपला का नाही जोडत?" तर म्हणे पुष्कळशा नव्या यूएसबी जोडण्या इतक्या जुन्या डिस्कला ओळखच देत नाहीत. नव्या जोडण्या जागांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग नंबर घालून बोलतात आणि कित्येक जुन्या डिस्कना तो हिशेब ठाऊक नाही. त्यांना सिलिंडर, डोके आणि सेक्टर असा तीन पदरी पत्ता लागतो, आपल्याकडे घर, आळी, वाडी सांगतात तसा. तेव्हा डिस्क तिच्या जुन्याच यंत्रात, पण तिच्या शेजारी एक नवे, न फिरणारे कोठार बसवायचे आणि ती जागी आहे तोवर सगळा माल इकडून तिकडे हलवायचा, असा बेत ठरला. ते कोठार म्हणजे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. १९९४ साली निघालेले हे कार्ड कॅमेऱ्यासाठी म्हणून लोकांना ठाऊक असले, तरी त्याला मुळातच हार्ड डिस्कची बोली येते. त्यामुळे मधली हिरवी पट्टी दुभाष्या नव्हे, नुसती सोयरीक जुळवणारी. इकडच्या पन्नास टाचण्या तिकडच्या चाळीस टाचण्यांना नेऊन भिडवायच्या, एवढेच तिचे काम.

ग्रँट रोड स्टेशनाबाहेर पडून मी त्या रस्त्याला लागले. पाट्यांवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहा! १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या जिभेवरून उतरायला तयार नाहीत. अण्णांनी माझ्याबरोबर या रस्त्याने जाताना मिनर्व्हाकडे बोट दाखवले होते. 'शोले' तिथे पाच वर्षे चालला, हे त्यांना एखाद्या किल्ल्याच्या वेढ्यासारखे कौतुकाचे वाटे. ते मिनर्व्हा आता नाही. दुकाने आहेत, पण काँप्युटरचे सुटे भाग मांडलेली दुकाने मागे सरली आहेत आणि दर्शनी भाग चोरांवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांनी आणि मोबाइलच्या झग्यांनी व्यापला आहे. हमाल मात्र तसेच, डोक्यावर खोक्यांचा मनोरा घेऊन "बाजू, बाजू" करीत जाणारे.

पहिल्या सहा दुकानांत मी चिन्मयची चिठ्ठी दाखवली. दोघांनी हसून परत दिली, एकाने मला नवा काँप्युटर विकायचा प्रयत्न केला, आणि एक तरुण मुलगा अगदी मनापासून म्हणाला, "आंटी, हे म्युझियममध्ये मिळेल." सातव्याने वर बोट केले. लाकडी जिन्याच्या तीन वळणांवर, माळ्यासारख्या एका खोलीत, एक वयस्क गुजराती गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून डाग देण्याची कांडी चालवत बसले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, मला स्टुलावर बसवले, चहा सांगितला, आणि मग विचारले, "ताई, कुठल्या कारखान्याची मशीन आहे?"

मी म्हटले, "कारखाना नाही. घरचा काँप्युटर आहे."

त्यांना याचे नवल वाटले. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे कारखानदार. लेथ, कापडावर भरतकाम करणारी यंत्रे, छपाईची यंत्रे, ही सगळी लाखालाखांची असतात, पण त्यांच्या पोटातला काँप्युटर पंचवीस-तीस वर्षांचा असतो. यंत्राचे लोखंड ठणठणीत, पण फ्लॉपी मिळत नाही आणि डिस्क मरते. मग हे गृहस्थ फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह घेणारी पेटी बसवतात, डिस्कच्या जागी कार्ड. "सुरतेहून फोन येतो, इचलकरंजीहून येतो. मशीन बंद म्हणजे दिवसाचा धंदा बंद. भंगारात कोण घालणार?" जुन्या वस्तूंचा मोह फक्त आमच्यासारख्या हळव्या माणसांना पडतो असे मी समजत होते. या माळ्यावर तो रोकड्या व्यवहाराचा विषय होता, आणि माझी मलाच जरा धीर आल्यासारखी वाटू लागली.

पट्टी मिळाली. खोक्यातून ती काढताना त्यांनी फुंकर मारली तेव्हा उडालेली धूळ बहुधा माझ्या निवृत्तीच्या आधीची असावी. कार्ड मात्र त्यांच्याकडे संपले होते. त्यासाठी फोर्टात बोराबाजाराकडच्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत जावे लागले. तिथे बत्तीस जीबीचे कार्ड सहज मिळाले. निघताना माळ्यावरच्या गृहस्थांनी एक गोष्ट बजावली होती, "कार्ड केवढेही घ्या ताई, तुमची मशीन त्यातले पाचशे चारच बघणार."

या पाचशे चारचे कोडे मला त्या रात्री तुतारी एक्स्प्रेसच्या बर्थवर पडल्या पडल्या उलगडले. चिन्मयने ते कागदावर मांडून दिले होते. डिस्कच्या नियमात सिलिंडर ६५,५३६ पर्यंत, डोकी १६ पर्यंत आणि सेक्टर २५५ पर्यंत चालतात. यंत्र जागे होताना पहिल्यांदा जो प्रोग्राम बोलतो, त्या बायॉसच्या नियमात सिलिंडर १,०२४, डोकी २५६ आणि सेक्टर ६३. दोन्ही यादी आपापल्या जागी ऐसपैस. पण लग्नाच्या बैठकीत काय होते ठाऊक आहे ना? वरपक्षाची याद, वधूपक्षाची याद, आणि प्रत्येक कलमात जे कमी तेच कबूल! १,०२४ सिलिंडर, १६ डोकी, ६३ सेक्टर, आणि दर सेक्टरला ५१२ बाइट. गुणाकार केला तर ५२,८४,८२,३०४ बाइट होतात. काँप्युटरच्या मोजणीत तेच ५०४ एमबी. दोन्हीकडच्या उदार माणसांनी मिळून केलेला हा संसार असा तोकडा निघाला, आणि पुढे नव्वदीच्या मध्यास बायॉसच्या नव्या आवृत्त्या येईपर्यंत तो तसाच चालला. म्हणजे माझ्या बत्तीस जीबीच्या वाड्यात अण्णांचे यंत्र देवडीवरच्या एका खोलीत बिऱ्हाड करणार होते. बाकीच्या खोल्यांना कुलूप. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले, पण असला गुणाकार कधी फळ्यावर घातला नाही याचे वाईट वाटले.

उजाडता उजाडता संगमेश्वरला उतरले. आमच्या तालुक्याचे नाव संगमेश्वर, पण कचेरी देवरुखला, असा सगळा मामला आहे. शास्त्री आणि सोनवी जिथे भेटतात तिथे धुके दाटले होते. एस. टी. घाटीला लागली तेव्हा दोन्ही बाजूंना भात पिवळे झाले होते आणि काही ठिकाणी कापणी सुरू होती. खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक खाचराला एक नाव असेल आणि त्यातले एकही आपल्याला माहीत नाही, हे त्या दिवशी मला प्रथमच बोचले.

चिन्मयने डिस्कला अजून वीज दाखवली नव्हती. "तिचा पहिला श्वास शेवटचा असू शकतो," असे त्याचे म्हणणे. आधी बोर्ड साफ करायचा होता. त्यावरची पिंपाच्या आकाराची छोटी बॅटरी गळून हिरवी बुरशी आल्यासारखी दिसत होती. हे गळलेले पाणी अल्कली. तिथे मात्र माझी विद्या कामाला आली. मी स्वयंपाकघरातून लिंबू आणले. कापसाने रस लावला तसा बारीक फेस आला आणि हिरवे सुटू लागले. मग ऊर्ध्वपातित पाण्याने आणि स्पिरिटने पुसून दिवसभर उन्हात वाळवले. आई ओटीवरून पाहत होती. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. म्हणाली, "लोणचे घालताय की काय त्याचे?"

दुसऱ्या दिवशी फक्त कार्ड जोडून यंत्र चालू केले. चालू झाले! पण बायॉसला कार्ड आपोआप ओळखायला सांगितले तसे ते जागच्या जागी गोठले. बत्तीस जीबी हा आकडा ऐकून त्याची शुद्ध हरपली असावी. मग चिन्मयने हाताने १०२४, १६, ६३ असे भरले, तेव्हा गृहस्थ ताळ्यावर आले. डॉसच्या तीन फ्लॉप्या अण्णांच्या डब्यात होत्या. कोकणच्या हवेने दोन्हींना बुरशी धरली होती, तिसरी शाबूत होती आणि नशिबाने तीच पहिली होती. तिच्यावरून कार्डाचे भाग पाडले, डॉस चढवले. एरवी यंत्र चालू झाले की डिस्क विमान उडाल्यासारखी कुईं करायची. आता पंख्याशिवाय काही आवाज नाही. आईने आतून विचारले, "लागला का रे?" तिला तो आवाज म्हणजेच काँप्युटर वाटे.

मग डिस्क. तिच्या पाठीवर सिलिंडर ८२६, डोकी १६, सेक्टर ६३ असे छापलेले होते, तेच बायॉसला सांगितले. एकाच पट्टीवर, कार्डाच्या मागे, तिला दुय्यम म्हणून जोडले आणि बटण दाबले. काहीच नाही. पुन्हा दाबले. काहीच नाही. भाऊ दारात उभा होता. तो काही बोलला नाही, पण त्याने मान खाली घातली. चिन्मयने वीज बंद केली, डिस्क काढून तळहातावर आडवी धरली आणि मनगटाला एक झटका देऊन ती जागच्या जागी गर्रकन फिरवली. अशाने चिकटलेले डोके कधीकधी सुटते म्हणे. दोनदा केले, तिसऱ्यांदा केले. तिसऱ्या खेपेस जोडल्यावर आतून आधी कण्हल्यासारखा, मग चढत जाणारा तो ओळखीचा आवाज आला. आई काठी टेकत खोलीत येऊन बसली.

आधी अण्णांचे घर, मग बाकीचे, असा क्रम ठरला होता. नावांची फाइल निघाली. मध्येच पडद्यावर डॉसचा तो जुना सवाल उमटला, की सोडून देऊ, पुन्हा प्रयत्न करू, की हार मानू. चिन्मय 'पुन्हा' दाबत राहिला. मी मोजले, एकोणीस वेळा. विसाव्या वेळी ती अडलेली जागा वाचली गेली. मग जिस्टचा प्रोग्राम आला, डीबेस आले. पत्रांच्या कप्प्याला हात घातला तेव्हा डिस्क टक-टक, टक-टक करू लागली. अर्धी पत्रे आली असतील नसतील, तोच तिने जो दम सोडला तो कायमचा. नंतर किती झटके दिले, पण नाही. त्या पत्रांत मला लिहिलेल्यांच्या प्रती होत्या आणि मूळ पत्रे मी घर बदलताना टाकून दिली आहेत. यावर जास्त लिहीत नाही.

चिन्मयने लगेच कार्ड काढून त्याच्या लॅपटॉपला लावले आणि सगळ्याच्या तीन प्रती केल्या. कार्डही अमर नाही, त्यातली साठवलेली वीज वर्षानुवर्षे पडून राहिल्यास ओसरते, असे तो म्हणाला. पण त्याने एक चांगली बातमी दिली. जिस्टची अक्षरे इस्की नावाच्या भारतीय प्रमाणाने साठवलेली असतात, आणि आज मोबाइलपासून सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी त्या इस्कीवरूनच घेतली आहे. त्यामुळे अण्णांची नावे नव्या यंत्रांत नेणे फार जड नव्हते. भाऊ लगेच म्हणाला, "मग आता हे धूड ठेवायचे कशाला?" प्रश्न रास्त होता. चिन्मयने उत्तर न देता कार्ड पुन्हा जुन्या यंत्रात बसवले आणि बटण दाबले.

काळ्या पडद्यावर ती जाड, थोडी ओबडधोबड देवनागरी उमटली. खाली आकडा होता, एकूण नोंदी १,१४२. मी एकेक वाचू लागले. नाव, गट, खूण, 'कोणी सांगितले'. त्या शेवटच्या रकान्यात गुराखी होते, सुईण होती, देवळाचे गुरव होते, एक पोस्टमन होता. सत्तेचाळीसाव्या नोंदीशी मी थांबले. "बायकांची बाव. सड्याखालच्या वहाळाजवळ. दुपारी पुरुष फिरकत नसत. कोणी सांगितले: सौ."

"काय लिहिलेय म्हणालीस?" आईने विचारले. मी पुन्हा वाचले.

"सड्याखालची नव्हे ग. सड्याखालची ती गोरवबाव. बायकांची बाव आंब्याच्या पलीकडे, आता जिथे मोबाइलचा खांब आहे तिथे. मी त्यांना दोनदा सांगितले होते. लक्ष कुठे असायचे!"

भाऊ भिंतीला टेकून उभा होता तो खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "आई, खांबाच्या अलीकडे की पलीकडे?"

"पलीकडे. आणि तिच्या वरच्या अंगाला चिंचेखाली एक जागा आहे, तिचे नाव त्यात आहे का बघ. नाही? मग लिही."

मी चष्मा पुसला आणि कळफलकावर 'च' कुठे आहे ते शोधू लागले.